शहाबाद ते वाडी : चुनखडीच्या पट्ट्यातील नव्वद वर्षे

दि असोसिएटेड सिमेंट कंपनीज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘ए.सी.सी.’, हिची नोंदणी १ ऑगस्ट १९३६ रोजी झाली. तिला २०२६ मध्ये नव्वद वर्षे होत आहेत. कंपनीचे कारखाने देशभर आहेत. या लेखाचा आवाका मात्र कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद आणि वाडी या दोन ठिकाणांपुरता आणि त्यांच्या खाणींपुरता ठेवला आहे. उत्पादनाचे आकडे दरवर्षीच्या अहवालात असतातच. खाणीत राबणारी माणसे, खाणीच्या कडेची गावे आणि खणलेली जमीन यांच्याशी कंपनीचे नाते कसे बदलत गेले, ते येथे सांगायचे आहे.

पाया : १९३६ पूर्वी

शहाबाद हे नाव मराठी माणसाला नकाशावरून नव्हे, तर पायाखालच्या फरशीवरून माहीत असते. वाड्याची ओसरी, चाळीची गॅलरी, मोरी, शाळेचा व्हरांडा आणि स्वयंपाकघराचा ओटा (कडप्प्याची चलती होण्यापूर्वी) हे सारे शहाबादीचेच. हा दगड भीमा खोऱ्यातील अतिप्राचीन चुनखडीचा आहे. त्याचे थर पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक सपाट बसलेले असतात. सांध्यात पहार घालून उचलले, छिन्नीने कडा सोडवली की लादी तयार. सुरुंगाची गरज नाही, यंत्राचीही नाही. उत्तरेला बिदरच्या पठारावर जांभा, त्याखाली नि आजूबाजूला दख्खनचा काळा पाषाण आणि दक्षिणेला ही करडी-निळसर चुनखडी, अशी या सीमाभागाची दगडांची वाटणी आहे.

या दगडावर माणसाचा हात सिमेंटच्या कितीतरी आधी पडला होता. भीमाकाठच्या सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला जो बौद्ध स्तूप उत्खननात सापडला, त्याचे शिल्पपट चुनखडीतच कोरलेले आहेत. त्यांतल्या एकावर सम्राट अशोकाचे नाव कोरलेले आढळले. पुढे कागिणा नदीच्या काठी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, ही राष्ट्रकूटांची राजधानी झाली.

उद्योग आला तो रेल्वेमागोमाग. जी.आय.पी. रेल्वेची मुंबईहून निघालेली वाट १८७१ मध्ये रायचूरला पोहोचली. १८७४ मध्ये वाडीहून निजामाची हैदराबादची वाट फुटली आणि वाडी जंक्शन झाले. फरशी मुंबई-पुण्याला जाऊ लागली. फरशीच्या खाणी लहान ठेकेदारांच्या होत्या. मजूर बहुतेक वडार आणि आसपासचे भूमिहीन. कुटुंबच्या कुटुंब खाणीवर राबे आणि तिथेच झोपडी घालून राही. त्या पिढ्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. या पट्ट्याच्या इतिहासात पहिले श्रेय द्यायचे तर त्यांनाच द्यावे लागेल.

हिंदुस्थानात सिमेंटची यशस्वी निर्मिती १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर मागणी वाढेल या हिशेबाने अनेक कारखाने निघाले. १९२० च्या दशकात टाटा समूहाच्या व्यवस्थापनाखाली शहाबाद सिमेंट कंपनी उभी राहिली ती याच लाटेत. जागेची निवड अचूक होती. खडक दारात, रेल्वे दारात आणि कागिणा-भीमेचे पाणी हाकेच्या अंतरावर. मुलूख सातव्या निजामाचा. मात्र देशातील कारखान्यांची क्षमता मागणीच्या पुढे गेली, भाव कोसळले आणि कंपन्या एकमेकींचे भाव पाडू लागल्या. १९२५ मध्ये उत्पादकांचा संघ, १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन आणि १९३० मध्ये सामाईक विक्रीसाठी सिमेंट मार्केटिंग कंपनी अशा पायऱ्यांनी हा उद्योग सावरला.

१९३६–१९४७ : दहांची एक

पुढची पायरी विलीनीकरणाची होती. ही कल्पना एफ. ई. दिनशा यांनी लावून धरली. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि स्वप्न साकार झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि दिनशा या चार समूहांच्या दहा कंपन्या एकत्र आल्या. सर नौरोजी सकलातवाला पहिले अध्यक्ष झाले. अशा विलीनीकरणात कोणाच्या गादीला किती मान, यावरून कुरबुरी होतातच. त्या मिटल्या आणि कंपनी टिकली, एवढी नोंद पुरेशी आहे.

शहाबादच्या दृष्टीने बदल असा झाला की मालकाचे दार मुंबईत गेले. पण जबाबदारी दारातच राहिली. त्या काळी सामाजिक उत्तरदायित्व हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. कारखान्याला भट्टी चोवीस तास पेटती ठेवायची होती. त्यासाठी फिटर, बर्नर, रसायनतज्ज्ञ हवे होते आणि ते उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या या माळावर आपणहून येणार नव्हते. म्हणून क्वार्टर बांधली गेली, नळ आले, दवाखाना आला, शाळा आली. हेतू व्यवहाराचा होता. लाभ खरा होता. कन्नड, उर्दू, मराठी, तेलुगू, हिंदी अशा पाच भाषा एका नळावर आल्या आणि ‘कॉलनी’ नावाची नवी जात तयार झाली. ती पुढे या गावांची ओळखच ठरली. खाणीत दगड फोडणारा, भरणारा बिगारी मात्र बराच काळ त्या क्वार्टरच्या यादीत नव्हता. कॉलनीचे कुंपण ही जबाबदारीचीही सीमा होती.

दुसऱ्या महायुद्धात सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली गेले. माल लष्कराकडे, भाव सरकारचा. त्या वर्षांत यंत्रांचे सुटे भाग मिळत नव्हते आणि शहाबादच्या कारागिरांनी ते हाताने घडवले, तासले, जोडले. पुढे शहाबादला अवजड यंत्रनिर्मितीची परंपरा आली.

१९४८–१९५९ : राज्य बदलले, कायदा आला

स्वातंत्र्यानंतरचे तेरा महिने या भागाने भीतीत काढले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा, म्हैसूर राज्यात गेला. बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखात आले, भालकी-औराद तिकडे राहिले. हद्दीचा तो वाद या लेखाचा विषय नव्हे. रोजगारासाठी माणसे मात्र हद्द ओलांडून येतच राहिली आणि वाडी स्थानक आजही मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे.

या दशकातील खरी क्रांती कागदावर झाली. १९५२ चा खाण कायदा १ जुलैपासून लागू झाला. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, अपघाताची सक्तीची खबर या गोष्टी मालकाच्या मर्जीच्या राहिल्या नाहीत. उघड्या खाणीत स्त्रियांचे काम सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच, असा दंडक झाला. १९५५ च्या नियमांनी पुढे नियतकालिक वैद्यकीय तपासणीला आधार दिला. धुळीने छाती भरणे हा दगडखाणीचा जुना आजार. तो ‘दमा’ म्हणून घरी न्यायचा की व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवायचा, यात मजुराच्या सबंध म्हातारपणाचा फरक पडतो.

त्याच १९५२ साली ए.सी.सी.ने आपल्या कारखान्यांभोवतीच्या खेड्यांसाठी ग्रामकल्याण योजना सुरू केली. कायद्याने तसे सांगितले नव्हते. विहिरी, रस्ते, बियाणे, जनावरांची निगा असे साधे काम होते. कॉलनीच्या कुंपणाबाहेर ठरवून टाकलेले हे पाऊल. त्याचे मोल आज पैशात मोजले तर लहान वाटेल. काळाच्या मानाने ते मोठे होते. १९५८ मध्ये सिमेंट उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले. कामगार संघटना, कंपनी आणि सरकार एका टेबलाशी बसली आणि सिमेंट कामगाराचे वेतन देशपातळीवर ठरू लागले. टेबलावरचे सर्वच बोलणे मृदू नव्हते. पण निघालेला करार टिकला.

१९६० चे दशक : वाडी

शहाबादचा कारखाना जुना होत होता. दशकाच्या अखेरीस दहा-बारा किलोमीटरवरच्या वाडीला नवा कारखाना उभा राहिला. ए.सी.सी.च्या विकर्स आणि बॅबकॉक या विलायती कंपन्यांबरोबरच्या भागीदारीतून शहाबादला सिमेंटची यंत्रे आणि बॉयलर घडवण्याचे काम वाढले. आसपासच्या आय.टी.आय. झालेल्या मुलांसाठी शहाबाद ही तेव्हा खरीखुरी पंढरी होती.

१९६६ मध्ये खाणकामगारांच्या प्रशिक्षणाचे आणि पाळणाघरांचे नियम आले. बाई खाणीत, तान्हे मूल झाडाला टांगलेल्या झोळीत, हे दृश्य या पट्ट्यात सर्रास होते. मोठ्या यांत्रिक खाणींत ते हटले. फरशीच्या लहान खाणींत ते पुढे कित्येक वर्षे राहिले, हेही नमूद केले पाहिजे. एकाच खडकावर दोन जगे होती. एकात हेल्मेट, भोंगा, हजेरीपट. दुसऱ्यात उचल, अंगावरचे काम आणि उघडे पाय.

१९७० चे दशक : दुष्काळ आणि कल्याणनिधी

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याइतकाच या भागानेही भोगला. कारखान्याच्या दारात कामासाठी येणाऱ्यांची रीघ वाढली. त्यांतले बरेच कंत्राटदारामार्फत लागले. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा तोवर आला होता. कायम आणि कंत्राटी या दोन हजेरीपटांमधले अंतर तेव्हापासून चर्चेत आहे आणि अजून पूर्ण मिटलेले नाही. १९७२ मध्येच चुनखडी व डोलोमाइट खाणकामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदा झाला. दगडाच्या टनामागे उपकर, त्यातून दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या. वडिलांनी खाणीत काम केले आणि मुलगी शिष्यवृत्तीवर शिकली, अशी घरे या पट्ट्यात आहेत ती या निधीमुळेही.

ग्रामविकासाच्या कामासाठी १९७६ या वर्षाचा असोचॅमचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार ए.सी.सी.ला मिळाला. पंचवीस वर्षे गावोगाव फिरलेल्या निनावी पर्यवेक्षकांचा तो सत्कार होता.

१९८० चे दशक : दहा लाख टन

१९८२ हे वाडीचे वर्ष. देशातील पहिला वर्षाला दहा लाख टनांचा सिमेंट प्रकल्प येथे सुरू झाला. त्याच वर्षी सरकारने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले आणि १९८९ मध्ये पूर्ण. परमिटासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. शेजारी मळखेड आणि सेडमलाही मोठे कारखाने आले. पन्नास किलोमीटरच्या टापूत इतक्या भट्ट्या पेटल्या आणि दगडाची भूक अनेक पटींनी वाढली.

इथे चुनखडीच्या खाणीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. कोळशाची किंवा सोन्याची खाण खोल जाते. सपाट थरांची चुनखडी खोल जात नाही, ती पसरते. एक टन क्लिंकरला, म्हणजे भट्टीतून भाजून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांना, सुमारे दीड टन चुनखडी लागते. वर मातीचा थर जेमतेम. खाली सारा उपयोगी दगड. म्हणजे कारखाना जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे तो शेजारच्या शेताकडे सरकत राहणार. शिवाय येथील शेत म्हणजे काळ्या मातीतले तुरीचे शेत. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते ह्याच चुनाळ जमिनीच्या गुणावर. खडक एकच, एक जण त्यावर तूर पिकवतो, दुसरा तोच भट्टीत घालतो. या उद्योगाच्या सामाजिक जबाबदारीचा गाभा धूर-धुरळ्याच्याही आधी जमिनीत आहे. जमिनीचा मोबदला, जमीन दिलेल्या घरातल्या मुलाला नोकरी आणि दगड संपल्यावर त्या खड्ड्याचे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक भूसंपादनाच्या बैठकीत निघाले. पहिल्या दोनांची उत्तरे कमी-अधिक समाधानाने दिली गेली. तिसऱ्याचे उत्तर द्यायची सक्ती कोणावर नव्हती.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. सिमेंटची राखाडी पूड पानांवर, पत्र्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, हे वाडीकरांना सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नव्हता. धुराड्यांवर विजेच्या भाराने धूळ पकडणारी यंत्रे बसली, पुढे कापडी गाळण्यांची बॅगहाउसे आली. पकडलेली धूळ पुन्हा उत्पादनात वापरता येते, वाया जात नाही. त्यामुळे हा खर्च कंपन्यांना पटायला फार वेळ लागला नाही.

१९९० चे दशक : मालकी आणि ओसाडी

हे दशक थोडक्यात आटोपतो. उदारीकरण आले, जुने ओल्या प्रक्रियेचे (वेट प्रोसेस) कारखाने परवडेनासे झाले. शहाबादचा मूळ सिमेंट कारखाना ए.सी.सी.च्या हातून गेला आणि पुढे बंद पडला. यंत्रांचा कारखानाही दुसऱ्या मालकांकडे गेला. एका गावाचे सायरन बंद झाले की घड्याळच हरवते. ज्यांची देणी आणि घरे त्या काळात अडकली, त्यांच्या व्यथेला या गौरवलेखात जागा थोडी असली तरी ती नाकारण्याचे कारण नाही. दशकाच्या अखेरीस टाटांनी आपला वाटा गुजरात अंबुजाला विकला.

२००० चे दशक : मोठी भट्टी, मोठा दवाखाना

२००१ मध्ये वाडीला २६ लाख टन क्षमतेचा नवा प्रकल्प सुरू झाला आणि दशक सरता सरता दिवसाला १२,५०० टन क्लिंकर भाजणारी भट्टी आली. जगातील सर्वांत मोठ्या भट्ट्यांत तिची गणना होते. २००५ मध्ये स्विस होल्सिम समूह आला. २००६ मध्ये कंपनीचे अधिकृत नावच ‘ए.सी.सी. लिमिटेड’ झाले. लोक सत्तर वर्षे तेच म्हणत होते.

या दशकातील एक काम विशेष सांगावेसे वाटते. वाडी हे जंक्शन. ट्रकची न संपणारी रांग. घर सोडून आलेले चालक आणि मजूर असे जिथे जमतात तिथे एच.आय.व्ही. पोहोचतो. गावात तो उच्चारायचा शब्द नव्हता. कंपनीने वाडीत एच.आय.व्ही.बाधितांसाठी औषधोपचार केंद्र उघडले. देशात खाजगी उद्योगाने काढलेल्या अशा पहिल्या केंद्रांपैकी ते एक. त्याचा लाभ फक्त कामगारांना नव्हता. फाटकाबाहेरच्या कुणालाही दार उघडे होते. ज्या समाजात रुग्णाचे ताट वेगळे काढले जात होते, तिथे त्याच्या हातात औषधाची बाटली देणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांनी काय केले, हे कुठल्याही क्षमतेच्या आकड्यात बसणार नाही.

२००३ मध्ये खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा, अशी अट नियमांत आली. वीस वर्षे रखडलेल्या तिसऱ्या प्रश्नाला प्रथमच कायद्याचा दात फुटला.

२०१० चे दशक : हिशेब लिहिला जाऊ लागला

२०१३ हे दुहेरी महत्त्वाचे वर्ष. राज्यघटनेच्या ३७१-जे कलमाने हैदराबाद-कर्नाटकातील तरुणांना शिक्षण आणि नोकऱ्यांत राखीव वाटा मिळाला. नव्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले. जे १९५२ पासून राजीखुशीने होते त्याला आता रकाने आले. वाडी परिसरात तरुणांसाठी ‘दिशा’, शाळांसाठी ‘विद्या उत्कर्ष’, आरोग्यासाठी ‘आरोग्यम्’, कमी खर्चाच्या शेतीसाठी ‘लीसा’ अशा नावांनी कामे झाली. नावे मुंबईत ठरतात. काम गावातल्या बचतगटाच्या बायका आणि शाळामास्तर करतात.

२०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली. सिमेंटच्या चुनखडीवर टनाला ८० रुपये स्वामित्वधन, जुन्या खाणपट्ट्यांवर त्याच्या ३० टक्के, म्हणजे २४ रुपये, खाणबाधित गावांसाठी. एकटी ती मोठी भट्टी पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला अठरा हजार टनांवर दगड खाते. म्हणजे गावांच्या वाट्याचे रोज चार लाखांहून अधिक रुपये. हा पैसा कंपनी भरते, खर्च जिल्हा प्रशासन करते. इंगळगी, हळकर्टी, रावूर यांसारख्या गावांच्या ग्रामसभांनी तो कुठे जातो हे विचारत राहावे. त्यात कंपनीचेही हित आहे. कारण नळाला पाणी नसले की बोल फाटकाला लागतो.

खाणीतले कामही बदलले. बऱ्याच ठिकाणी सुरुंगाऐवजी दगड तासून काढणारी सरफेस मायनर यंत्रे आली आणि भिंतींना तडे जाण्याच्या तक्रारी कमी होण्याची वाट मोकळी झाली. औष्णिक केंद्रांतील राख सिमेंटमध्ये मिसळली गेल्याने तेवढ्याच सिमेंटला क्लिंकर कमी लागते, पर्यायाने दगड कमी आणि भट्टीतून हवेत जाणारा कर्बवायूही कमी. एक टन क्लिंकर भाजताना केवळ दगडातूनच अर्ध्या टनाहून अधिक कर्बवायू सुटतो. या उद्योगाचे हे मूळ दुखणे आहे आणि झाडे लावून ते फिटणारे नाही. २०१९ मध्ये स्त्रियांना लेखी संमतीने खाणीत रात्रपाळी करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी हैदराबाद-कर्नाटकाचे नाव कल्याण कर्नाटक झाले.

२०२० नंतर : सध्याचे काम

सप्टेंबर २०२२ मध्ये ए.सी.सी. अदानी समूहाकडे आली. टाटा, अंबुजा, होल्सिम, अदानी. पाट्या बदलल्या, खडक आणि माणसे तीच आहेत. वाडीच्या भट्ट्या चालू आहेत, शाळा आणि दवाखाना चालू आहेत.

चुनखडीच्या खाणीतून जवळजवळ सगळाच माल बाहेर जातो. खड्डा बुजवायला मागे काही उरत नाही. तो पावसाने भरतो. या भागात सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. म्हणून जुन्या खाणींचे जलाशय ही आता अडगळ राहिलेली नाही. धूळ बसवायला, झाडांना आणि कारखान्यालाही ते पाणी वापरता येते आणि तेवढी नदीवरची ओढ कमी होते. वरची काळी माती वेगळी साठवून कडांवर पसरायची, कुंपण घालून सरळ कडे उताराचे करायचे, मुले-गुरे पडणार नाहीत असा घाट बांधायचा, ही कामे आराखड्यात आहेत. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीत ही तळी झाली, त्यांच्या नातवंडांना त्या पाण्यावर सिंचनाचा आणि मासेमारीचा रीतसर हक्क मिळावा, ही मागणी गावांकडून येत आहे. खाणपट्ट्याची मुदत संपेपर्यंत हा प्रश्न थांबवता येईल, असे कंपनीतील जुन्याजाणत्यांनाही वाटत नाही. फरशीच्या बंद खाणींचे शेकडो लहान खड्डे मात्र कुणाच्याच आराखड्यात नाहीत आणि दर पावसाळ्यात ते तसेच भरतात.